जुना आय-सेव्हन की नवा आय-थ्री : एका रुळलेल्या समजाचं खंडन

कवठे महांकाळच्या बाजारपेठेत कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो : "नवा आय-थ्री कशाला घेताय? त्याच्या निम्म्या पैशात आय-सेव्हन येतोय की!" सल्ला देणारा फसवत असतो असं नाही. बहुतेक वेळा त्याचा स्वतःचाच त्यावर पूर्ण विश्वास असतो. सेवा केंद्र चालवणारा, फ्लेक्स छापणारा, लग्नाचे व्हिडिओ जोडणारा स्टुडिओवाला, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा हिशेब ठेवणारा कारकून, मुलीला इंजिनिअरिंगला घातलेला द्राक्षबागायतदार, सगळ्यांच्या तोंडी हेच. मत इतकं रुळलं आहे की त्याला पुरावा मागावा असं कुणाला सुचतही नाही. ते मत चुकीचं आहे आणि दुष्काळी तालुक्यातल्या माणसाचे कष्टाचे पैसे त्यात वाया जातात, असं माझं म्हणणं आहे. पण ते खोडण्याआधी जितक्या ताकदीनं मांडता येईल तितकं मांडलं पाहिजे. पूर्वपक्ष लुळा करून जिंकलेल्या वादाला वाद म्हणत नाहीत.

तर पूर्वपक्ष असा. बाजारात जो 'आय-सेव्हन' निम्म्यात मिळतो तो बहुधा कोअर आय-सेव्हन-४७७० असतो, किंवा त्याचाच एखादा भाऊबंद. जून २०१३मध्ये बाजारात आलेला, चौथ्या जनरेशनचा. मुंबई, पुणे, बंगळुरूच्या मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी सगळी यंत्रं एकदम बदलतात. तिथून डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, एचपी एलिटडेस्क ८०० जी-१ असली खोकी घाऊक भावानं निघतात आणि पुसून-झटकून तालुक्यापर्यंत पोचतात. त्याच्यासमोर उभा आहे जानेवारी २०२२मध्ये आलेला, बाराव्या जनरेशनचा कोअर आय-थ्री-१२१००. पूर्वपक्षाचं म्हणणं असं की इंटेल कंपनीनंच थ्री, फाइव्ह, सेव्हन अशी चढती पायरी लावली आहे, मग सेव्हन थ्रीच्या खाली कसा जाईल? दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून 'धिस पीसी'वर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा. एकावर लिहिलेलं दिसेल ३.४० गिगाहर्ट्‌झ, दुसऱ्यावर ३.३०. म्हणजे जुनाच पुढे. कोअर मोजा : दोघांचेही चार. थ्रेड मोजा : दोघांचेही आठ. याउपर ज्याला शंका असेल त्यानं जुन्यात एसएसडी टाकून बघावी, वीस-पंचवीस सेकंदांत विंडोज उघडतं. शिवाय कंपनीचा माल म्हणजे जाड पत्रा, पक्की बांधणी. मग दुप्पट पैसे कशाचे?

हे बिनबुडाचं बोलणं नाही. यातला प्रत्येक आकडा खरा आहे. आकडे खरे असूनही निष्कर्ष खोटा निघतो, म्हणूनच या मताची नीट चिरफाड करायला हवी.

आपल्याकडच्या नैयायिकांनी अशा चुकीला फार पूर्वी नाव देऊन ठेवलं आहे. 'डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे' हे अनुमान बरोबर, कारण अग्नीवाचून धूर कुठेच नसतो. पण तेच उलटं केलं, 'अग्नी आहे, म्हणून धूर आहे', तर ते टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला इंधन ओलं लागतं. या न बोललेल्या अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात, आणि उपाधी लपलेली असली की वरवर बिनतोड दिसणारी व्याप्ती, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' हा नियम, कोसळते. 'जिथे आय-सेव्हन तिथे वेग' या व्याप्तीतही एक उपाधी लपलेली आहे : जनरेशन एकच असेल तर. कंपनीनं लावलेली पायरी एका जनरेशनच्या आतली आहे. २०१३च्या घराची सातवी पायरी आणि २०२२च्या घराची तिसरी पायरी यांत कुठली उंच हे पायरीच्या क्रमांकावरून कळूच शकत नाही. आणि एका घरातसुद्धा डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांचे जिने वेगळे. २०१६मध्ये लॅपटॉपसाठी आलेल्या आय-सेव्हन-७५००यूमध्ये कोअर होते फक्त दोन. नाव मात्र तेच.

मग हा समज आला कुठून? तो खोटा जन्मला नाही, आणि हे सांगितल्याशिवाय त्याला न्याय मिळणार नाही. २०१३मध्ये आय-थ्री घेणाऱ्याला काय मिळत होतं ते पाहा. आय-थ्री-४१३० : दोन कोअर, चार थ्रेड, ३ एमबी कॅश, ३.४ गिगाहर्ट्‌झ आणि गरज पडली तर वेग वाढवण्याची, म्हणजे टर्बोची, सोयच नाही. त्याच्यासमोर ४७७० : चार कोअर, आठ थ्रेड, ८ एमबी कॅश, टर्बोत ३.९ गिगाहर्ट्‌झ. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक होता. ज्यानं त्या काळी आय-सेव्हन घ्या म्हणून सांगितलं त्यानं बरोबरच सांगितलं. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण ४७७०ला लावता येणार नाही. त्या वर्षी ते खरं सोनंच होतं.

हे चित्र फार वर्षं हललं नाही, म्हणून समज पक्का होत गेला. २००८च्या नोव्हेंबरात पहिले आय-सेव्हन आले, चार कोअरचे. २०१७च्या सुरुवातीला आलेला आय-सेव्हन-७७००, त्यालाही कोअर चारच. सर्वसाधारण डेस्कटॉपच्या वर्गात इंटेलनं आठ-नऊ वर्षं चाराच्या पुढे पाऊल टाकलं नाही, आणि आय-थ्रीला तर दोनच्याच वर येऊ दिलं नाही. स्पर्धाच उरली नव्हती, एएमडी कंपनी त्या वेळी पार मागे पडली होती. मग मार्च २०१७मध्ये एएमडीनं रायझन आणला. आठ कोअरचा रायझन ७-१७०० हा ३२९ डॉलरला, इंटेलच्या चार कोअरच्या ७७००केच्या भावात किंवा त्याहून थोडा खालीच. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलचा आठव्या जनरेशनचा आय-थ्री-८१०० आला तो चार कोअर घेऊन. २०२०मध्ये दहाव्या जनरेशनचा आय-थ्री-१०१०० आला, चार कोअर आणि आठ थ्रेड. तीन वर्षांपूर्वी ज्याला आय-सेव्हन म्हणून विकलं, तेवढंच सामान आता आय-थ्री म्हणून विकायला ठेवलं गेलं. उपाधी मोडली ती इथे. बाजारातलं वाक्य मात्र २०१३चंच राहिलं.

आता गिगाहर्ट्‌झचा मुद्दा. इथे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. बोअरवेलमधल्या पाच एचपीच्या आणि साडेसात एचपीच्या सबमर्सिबल मोटारी मिनिटाला जवळजवळ सारखेच फेरे घेतात, २९००च्या आसपास, कारण फेरे ठरतात ते विजेच्या ५० हर्ट्‌झवर. पण पाणी सारखं पडत नाही. किती स्टेजचा पंप, इम्पेलर केवढा, यावर एका फेऱ्याला किती पाणी उचललं जाईल ते ठरतं. मोटारीच्या पाटीवरचा आरपीएम वाचून कुणी शेतकरी पंप घेत नाही. गिगाहर्ट्‌झ म्हणजे तो आरपीएम आहे. प्रोसेसर सेकंदाला किती ठोके देतो एवढंच तो सांगतो. एका ठोक्याला काम किती उरकतं ते त्यात नसतं.

ते कशावर ठरतं ते जरा आत शिरून पाहू, कारण सगळा निकाल इथेच लागतो. ४७७०चा गाभा, ज्याला इंटेल हॅसवेल म्हणतं, एका ठोक्याला चार सूचना उलगडू शकतो. १२१००मधला गोल्डन कोव्ह गाभा सहा उलगडतो. पुढच्या सूचना आधीच उचलून, ज्यांचं सामान हाताशी आहे त्या क्रम सोडून उरकून ठेवायच्या, ही आजच्या प्रोसेसरची मुख्य करामत. त्यासाठी एका वेळी किती सूचना नजरेखाली ठेवता येतात? हॅसवेलला १९२, गोल्डन कोव्हला ५१२. प्रत्येक कोअरच्या अगदी शेजारची एल-२ कॅश हॅसवेलकडे पाव एमबी, गोल्डन कोव्हकडे सव्वा एमबी. सगळ्यांची सामाईक कॅश ८ एमबी विरुद्ध १२. आणि रॅम : ४७७० चालतो डीडीआर-३ वर, १६०० वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी. १२१००ला डीडीआर-४ ३२०० वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. सरळ दुप्पट. चार कोअर आणि चार कोअर हे मोजायला सारखे आहेत, पण कोअर हे माप नव्हे, ती फक्त मोजणी आहे.

प्रॉपर्टीजच्या खिडकीत दिसणारे ३.४० आणि ३.३० हे तर मूळ वेग. काम पडलं की ४७७० चढतो ३.९ पर्यंत आणि १२१०० चढतो ४.३ पर्यंत. म्हणजे ठोक्यांतही नवाच पुढे, पण दहा टक्क्यांनीच. पासमार्कसारख्या सार्वजनिक मोजणीत मात्र एका कोअरच्या कामात १२१०० हा ४७७०च्या दीडपटीहून जास्त गुण घेतो आणि सगळे कोअर मिळून दुपटीच्या आसपास जातो. दहा टक्के ठोक्यांचे वजा करा. उरतं ते सगळं एका ठोक्याला जास्त उरकलेलं काम. जे खिडकीत लिहिलेलं नसतं तेच.

"मोजणीचं सॉफ्टवेअर आम्ही थोडंच चालवतो? आमचं काम वेगळं," असा आक्षेप इथे येतो आणि तो रास्त आहे. मग कामच पाहू.

सेवा केंद्रात दिवसभर ब्राउझर उघडा असतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, दहा-पंधरा टॅब. या पानांमधलं बहुतेक काम एका टॅबपुरतं एका थ्रेडवरच चालतं, म्हणून तिथे कोअर किती यापेक्षा एक कोअर किती दमदार याला महत्त्व. सरकारी सर्व्हर झोपला असेल तर दोन्ही प्रोसेसर सारखेच हताश, हेही खरं. टॅलीत व्हाउचर टाकणं आणि एक्सेलमध्ये शे-दोनशे ओळींचा तक्ता करणं हे दोघांनाही किरकोळ. तिथे मी नव्याची बाजू ओढून ताणून मांडणार नाही.

फरक डोळ्यांत भरतो तो स्टुडिओत. आजचे बरेच मोबाइल आणि कॅमेरे व्हिडिओ साठवतात तो एचईव्हीसी नावाच्या दाबून बसवलेल्या रूपात. आयफोन तर २०१७पासून मूळ मांडणीतच तसा साठवतो. हे रूप उलगडायला प्रोसेसरमध्ये स्वतंत्र यंत्रणा लागते. ४७७०मध्ये ती पूर्ण स्वरूपात नाही. तो २०१३चा, आणि हे रूप प्रमाण म्हणून ठरलंच २०१३मध्ये. मग सगळा भार कोअरवर पडतो, टाइमलाइन अडखळत चालते, पंखा ओरडतो आणि स्टुडिओवाला म्हणतो "हँग होतंय, रॅम वाढवा". रॅम वाढवून काही होत नाही. १२१००च्या पोटातल्या यूएचडी-७३० ग्राफिक्सला एचईव्हीसी उलगडता येतं, एव्ही-१ हे यूट्यूबवर पसरत चाललेलं नवं रूपही उलगडता येतं. एवढंच काय, सोनीसारखे चांगले कॅमेरे रंगाची जास्त माहिती राखणारं जे फोर-टू-टू, दहा बिटांचं चित्रण करतात, ते एचईव्हीसीत असेल तर तेही हे साधं ग्राफिक्स सहज वाचतं. एनव्हिडियाच्या महागड्या कार्डांना हीच गोष्ट २०२५च्या मालिकेपर्यंत जमत नव्हती. लग्नसराईत तीन लग्नांचं चित्रण एकदम हाताशी असताना हा फरक मिनिटांचा राहत नाही, रात्रींचा होतो.

आता एसएसडीचा दाखला. जुन्या यंत्रात एसएसडी टाकली की ते नव्यासारखं पळतं, हा अनुभव शंभर टक्के खरा. पण त्या वेगाचं कारण एसएसडी आहे, आय-सेव्हन नव्हे. न्यायाच्या भाषेत आय-सेव्हन इथे अन्यथासिद्ध : कार्याच्या वेळी हजर, पण कार्याला कारण नसलेला. तीच एसएसडी चौथ्या जनरेशनच्या आय-फाइव्हमध्ये टाका, विंडोज जवळजवळ तितक्याच सेकंदांत उघडेल. उलट जुन्या बोर्डाला साटा केबलचीच एसएसडी सरळ लागते, जी सेकंदाला ५५०च्या आसपास एमबी वाचते. नव्या बोर्डावर थेट बसणारी एनव्हीएमई पट्टी साधीसुद्धा याच्या कैक पट वाचते. चौथ्या जनरेशनच्या बहुतेक बोर्डांवर ती बसवायला खाचच नाही, आणि ॲडाप्टर घालून बसवली तरी त्यावरून विंडोज सुरू होईलच असं नाही.

मोलाचा हिशेब आता. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टनं दिलेला मूळ आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. चौथी जनरेशन त्या यादीत नाही. "आम्ही टाकून देतो विंडोज ११" असं दुकानात सांगतात आणि तपासण्या चुकवून ते चढतंही. पण मायक्रोसॉफ्ट अशा यंत्रांना पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी देत नाही. गल्लीतल्या मुलाच्या गेमच्या यंत्राला हे चालेल. ज्या यंत्रावरून लोकांचे आधार क्रमांक, बँक पासबुकं, जमिनीचे उतारे जातात त्या यंत्राला नाही. त्यातच जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरच्या रचनेतलेच दोष जाहीर झाले. ते बुजवणारे पॅच घातले की हॅसवेल आणि त्याआधीचे प्रोसेसर जास्त मंदावतात, हे मायक्रोसॉफ्टनंच त्या वेळी सांगितलं होतं. म्हणजे सुरक्षित ठेवलेला ४७७० हा २०१३च्या जाहिरातीतला ४७७० राहिलेला नाही.

पक्क्या बांधणीबद्दल. पत्रा जाड आहे, कबूल. पण खोकं उघडून एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याची, वायर बोर्डात जिथे जाते ते टोक पाहा. बाजारातल्या कुठल्याही एसएमपीएसला तिथे चोवीस पिनांचा कनेक्टर असतो. ऑप्टिप्लेक्स ९०२०च्या बोर्डावर आठ पिनांची, डेलची स्वतःची बैठक आहे. एलिटडेस्क ८०० जी-१चीही तऱ्हा वेगळीच. आपल्याकडे वीज जाते-येते, व्होल्टेज वर-खाली होतं, आणि यंत्रात पहिला बळी पडतो तो एसएमपीएसच. साध्या असेंबल केलेल्या यंत्राचा एसएमपीएस सांगलीत कुठल्याही दुकानातून आणून अर्ध्या तासात बसवता येतो. या खोक्याला एक तर त्याच जातीचा जुना शोधा, नाही तर ॲडाप्टर मागवा आणि तोवर दुकान बंद ठेवा. पंचायतीच्या निवडणुकीच्या तोंडावर फ्लेक्सवाल्याचं यंत्र चार दिवस पडून राहिलं तर निम्म्या किमतीचा सगळा फायदा त्या चार दिवसांत जातो.

रुपयांचे आकडे आज सांगितलेले उद्या शिळे होतात, म्हणून हिशेबाची रीत सांगतो. समजा जुनं खोकं चौदा हजारांना आणि नवं अठ्ठावीस हजारांना पडतं. निम्म्या किमतीच्या वस्तूनं नव्याच्या निम्मी वर्षं काढली तरच बरोबरी होते. नवं सहा-सात वर्षं चालेल असं धरलं तर जुन्यानं आणखी तीन-साडेतीन वर्षं ओढायला हवीत. आणि ते दहा-बारा वर्षं आधीच कुठल्या तरी कचेरीत राबून आलेलं आहे. बोर्डावरचे कॅपॅसिटर जुने, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या घरात. नव्या डबाबंद प्रोसेसरला इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते. जुन्याची मुदत दुकानदाराच्या शब्दाइतकी. लोक इथे आणखी एक चूक करतात : ४७७० मूळचा ३०० डॉलरचा आणि १२१०० सव्वाशेच्या आतबाहेरचा, म्हणून पहिला 'भारी माल स्वस्तात' वाटतो. वस्तूचं मोल ती पूर्वी किती रुपयांना विकली गेली यावर नसतं, ती आता किती काम देते यावर असतं.

नव्याच्या बाजूनं एक मुद्दा नेहमी मांडला जातो तो मात्र मला मान्य नाही : वीजबिलाचा. ४७७०चा नेमून दिलेला उष्णताभार ८४ वॉट, १२१००चा ६०. चोवीस वॉटचा फरक. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस, तेही दोन्ही पूर्ण जोर लावून चालले असं धरलं तरी वर्षाला ५७.६ युनिट होतात. दुकानाच्या दरानं पाच-सहाशे रुपये. शिवाय १२१०० टर्बोत ८९ वॉटपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तेवढाही फरक दरवेळी पडेल असं नाही. नव्याचं मंडन करायला चांगले आधार असताना असला कच्चा आधार घेऊ नये.

आय-थ्री घ्या म्हटलं म्हणजे कुठलाही घ्या असं नाही. दुकानदार थोडा स्वस्त म्हणून १२१००एफ पुढे करतो. शेवटचा 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वर ज्याचं एवढं कौतुक केलं ते व्हिडिओचं सगळं सामर्थ्य त्यात गायब, आणि वेगळं कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर चित्रच येत नाही. दुसरी गोष्ट, ८ जीबीची एकच पट्टी लावून देतात. एका पट्टीवर रॅमचा वेग निम्मा होतो, ५१.२चे २५.६ राहतात, म्हणजे जुन्या ४७७०च्याच पंगतीत आपण पैसे मोजून नवं यंत्र नेऊन बसवतो. दोन पट्ट्या मागून घ्याव्यात.

"एएमडी गरम होतो, आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही," हा या समजाचाच सख्खा भाऊ. त्यालाही एके काळी आधार होता : २०१३चा एफएक्स-९५९० चक्क २२० वॉटचा होता. पण आज १२१००शी ज्याची खरी तुलना व्हावी तो रायझन ५-५६००जी हा ६५ वॉटचा आहे, आणि २५३ वॉटपर्यंत जाणारा आय-नाइन-१४९००के इंटेलचा आहे. २०२४मध्ये तेराव्या-चौदाव्या जनरेशनचे इंटेलचे वरच्या वर्गातले प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे आतून झिजून यंत्रं कोसळू लागली तेव्हा इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. बाराव्या जनरेशनला तो रोग नाही. ५६००जीला सहा कोअर, बारा थ्रेड आणि पोटातलं ग्राफिक्स १२१००च्या बरंच वरचढ, त्यामुळे घरात गेमही खेळायचे असतील तर तोच घ्यावा. पण एव्ही-१ त्याला उलगडता येत नाही, आणि सहा कोअरचा फायदा वाटतो तेवढा मिळत नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला हिशेब असा : कामाचा ४० टक्के भाग वाटून करता येत नसेल तर चार कोअरवर ते एका कोअरच्या १.८२ पट वेगानं होतं आणि सहा कोअरवर दोन पट. दोन कोअर वाढवून हाती लागले दहा टक्के. दीडपट कोअर म्हणजे दीडपट वेग, हे आय-सेव्हनच्या नावाइतकंच फसवं गणित आहे.

मग जुना ४७७० कुणीच घेऊ नये का? घ्यावा. शाळेच्या खोलीत मुलांना टायपिंग आणि प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे द्यायचे असतील, उबुंटूसारखं लिनक्स टाकायची तयारी असेल, लोकांची कागदपत्रं त्यावरून जाणार नसतील आणि एसएसडीसह नव्याच्या तिसऱ्या हिश्शात मिळत असेल, तर त्याच्यासारखा उमदा गडी नाही. अशा ठिकाणी नवा आय-थ्री घेणं हीच उधळपट्टी ठरेल. आक्षेप आहे तो धंद्यासाठी, नावाकडे बघून, निम्म्या किमतीत घेतलेल्या आय-सेव्हनला.

शेवटचा आक्षेप उरतो : आज घेतलेला आय-थ्रीही चार वर्षांनी जुना होणारच, मग फरक काय? फरक बोर्डावरच्या सॉकेटमध्ये आहे. १२१०० ज्या एलजीए-१७०० सॉकेटवर बसतो त्याच सॉकेटवर सहा कोअरचा आय-फाइव्ह-१२४०० बसतो, बारा कोअरचा आय-सेव्हन-१२७०० बसतो, आणि बायोस अपडेट करून चौदाव्या जनरेशनपर्यंत जाता येतं. रॅम १२८ जीबीपर्यंत नेता येते. काम वाढलं, दोन हंगाम चांगले गेले, तर तेच खोकं, तीच रॅम, तीच एसएसडी ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल, आणि तोवर ते प्रोसेसर सेकंड हँड बाजारात उतरलेले असतील. ४७७०च्या सॉकेटवर रॅम ३२ जीबीला थांबते. वर चढायला जवळपास एकच पायरी शिल्लक आहे, आय-सेव्हन-४७९०, आणि तोही २०१४चा.